हाताने बनवलेल्या, परवडणाऱ्या सुऱ्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची कार्यशाळा कोल्हापूर जिल्ह्यात आहे. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, मटणवाल्यांचे सत्तूर आणि ऊसतोडीचे कोयते आम्ही बनवतो आणि साध्या भांड्यांच्या व हार्डवेअरच्या दुकानांतून विकतो. घरचे ग्राहक, दुकानदार आणि हा धंदा सुरू करू पाहणारी तरुण मंडळी अशा तिघांकडून प्रश्न येत असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

हाताने बनवलेली म्हणता, मग मशीन अजिबात नाही का?

मशीन आहे. पट्टी कापायला कटर आहे, घासायला बेल्ट ग्राइंडर आहे, मुठीला भोकं पाडायला ड्रिल आहे. कोयता आणि सत्तूर भट्टीत तापवून घणाखाली घडवले जातात. सुरी मात्र तयार पोलादी पट्टीतून कापून, घासून आकाराला आणतो. हे आम्ही दुकानदारालाही सांगतो, कारण "ठोकून बनवलेली" असं सांगून घासलेली सुरी विकणं ही फसवणूक आहे.

ठोकलेली सुरी घासलेल्या सुरीपेक्षा मुळातच सरस असते हा समज मात्र आम्हाला पटत नाही. पूर्वी पोलादात मळ असायचा, कार्बन सगळीकडे सारखा नसायचा, म्हणून ते ठोकून एकजीव करावं लागे. आज गिरणीतून येणारी पट्टी आधीच एकजीव असते. सुरीचा कस ठरतो तो पाणी देण्यावर (म्हणजे पातं तापवून, तेलात बुडवून कडक करण्यावर) आणि धारेमागच्या जाडीवर. ही दोन्ही कामं आमच्याकडे प्रत्येक पात्यावर माणूस उभा राहून करतो. "हाताने" म्हणतो ते एवढ्याच अर्थाने.

हाताने बनवलेली सुरी पाचशे रुपयांत कशी देता? इतर ठिकाणी चार-पाच हजार सांगतात.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून हिशेबच मांडतो. आकडे उदाहरणादाखल आणि पूर्णांकात घेतले आहेत. जीएसटीची नोंदणी लागत नाही अशी छोटी कार्यशाळा धरली आहे.

छापील किंमत ५०० रुपये. दुकानदाराला ३० टक्के सोडले की आपल्या हाती ३५० येतात. त्यातून पोलाद ४०, मुठीचं लाकूड आणि पितळी पिना ३५, घासायचे एमरीचे पट्टे ३०, भट्टी आणि वीज २०, पुठ्ठ्याचं म्यान आणि खोकं २०, वाहतूक आणि फुटतूट १५. झाले १६०. उरले १९०. कारागिराला तासाला १०० रुपये पडतात असं धरा. एका सुरीवर सवा तास गेला तर १२५ गेले. राहिलेल्या ६५ रुपयांत जागेचं भाडं, मशीनची दुरुस्ती, खराब निघालेली पाती आणि मालकाचं घर.

म्हणजे सगळा खेळ त्या सवा तासाचा आहे. तीच सुरी आरशासारखी चमकवायची म्हटलं तर नुसत्या पॉलिशला दोन तास जातात. चार हजारांच्या सुरीत बहुतेक पैसा तिथे गेलेला असतो, आणि तो कारागीर त्याच्या जागी बरोबर असतो, कारण त्याच्या गिऱ्हाइकाला ती चमक हवी असते. आमच्या गिऱ्हाइकाला रोज दोन वेळची भाजी चिरायची असते. म्हणून पात्यावर एमरीच्या रेघा दिसतात त्या आम्ही तशाच ठेवतो. मूठ एकाच मापाची, एकाच लाकडाची. प्रकार मोजकेच. एका वेळी तीसेक पाती एकत्र कापायची, एकत्र भोकं पाडायची, एकत्र भट्टीत लावायची, म्हणजे मशीनची जुळवाजुळव पुन्हा पुन्हा करावी लागत नाही.

ज्या दोन गोष्टींत आम्ही एक पैसाही वाचवत नाही त्या म्हणजे पाणी देणं आणि धार पातळ काढणं. स्वस्त सुरी बनवणारे नेमके इथेच वाचवतात, कारण दुकानात हातात घेतल्यावर या दोन्ही गोष्टी दिसत नाहीत. चमक दिसते. घरी महिनाभर वापरल्यावर कळतं, तोवर पावती हरवलेली असते.

पोलाद कोणतं वापरता? ट्रकच्या पाट्याचं असतं का?

कोयत्याला आणि सत्तूराला स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद चांगलं. त्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो. मार सोसतं, वाकून परत येतं, चटकन मोडत नाही. सुरीला मात्र आम्ही सुमारे ०.८ टक्के कार्बनची नवीन स्प्रिंग पट्टी घेतो, कारण तिची धार जास्त दिवस टिकते.

भंगारातला पाटा स्वस्त पडतो हे खरं आहे, आणि गावोगावच्या लोहारांनी त्यावर उत्तम कोयते घडवले आहेत. अडचण दोन ठिकाणी येते. लाखो हिसके खाल्लेल्या पाट्यात डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा असू शकतात, त्या पाणी देताना उघडतात. आणि प्रत्येक पाटा वेगळ्या जातीचा निघू शकतो. एकटा लोहार एकेक तुकडा ओळखून, ठिणगी बघून, तसं पाणी देतो. तीस पाती एकदम काढायची असतील तर सगळ्यांची जात एकच हवी.

बाजारात "स्टेनलेस" म्हणून जी अगदी स्वस्त सुरी मिळते, ती कधी कधी ताटवाट्यांच्या पत्र्याची असते. त्या ३०४ जातीच्या पत्र्यात कार्बन इतका कमी असतो (जास्तीत जास्त ०.०८ टक्के) की त्याला पाणी चढतच नाही. कितीही घासा, धार दोन दिवसांची. सुरीसाठी योग्य अशा स्टेनलेसच्या जाती वेगळ्या आहेत. त्यांना पाणी देताना भट्टी आणखी तापवावी लागते आणि तापमान काटेकोर सांभाळावं लागतं, म्हणून ते काम आम्ही एमआयडीसीतल्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे देतो. त्या सुऱ्या थोड्या महाग पडतात.

पाणी देणं म्हणजे नेमकं काय करता?

पातं कापून, अर्धवट घासून, धारेच्या जागी दीडेक मिलिमीटर जाडी ठेवून भट्टीत जातं. आधीच पातळ केलं तर आंचेत वेडंवाकडं होतं. भट्टीत पातं लाल होत जातं आणि सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोखंडाचं चुंबकत्व जातं. दोरीला लावलेला चुंबक जवळ नेला की तो चिकटत नाही. तिथून आणखी थोडं वर, ८०० ते ८२० अंशांपर्यंत न्यायचं आणि तिथेच काही मिनिटं धरायचं. हे काम सावलीत करतो. उन्हात लाल रंगाची छटा कळत नाही, आणि एकदा तापमान हुकलं की पोलादाचा दाणा मोठा होतो, मग पातं काचेसारखं तुटतं.

मग सांडशीत धरून, टोक खाली करून, सरळ तेलात. तेल आधी ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट केलेलं असतं, कारण थंड तेल घट्ट असतं आणि पात्यातली उष्णता हळू काढून घेतं. पहिल्या एक-दोन सेकंदांतच पोलाद कडक व्हायचं की नाही हे ठरतं. पातं तेलात पुढे-मागे हलवायचं, आडवं हलवायचं नाही. आडवं हलवलं तर एक बाजू आधी थंड होऊन पातं धनुष्यासारखं वाकतं. बाहेर काढल्यावर अजून गरम असतानाच डोळ्यासमोर धरून बघायचं आणि बारीक बाक असेल तर हातमोजा घालून सरळ करायचा. त्याला वेळ मिळतो तो अगदी थोडा.

थंड झाल्यावर वरची काळी खपली घासून कानस चालवून बघतो. कानस घसरली, आवाज काचेवर घासल्यासारखा आला, तर पाणी चढलं. कानस रुतली तर पातं परत भट्टीत. या अवस्थेत पातं इतकं ठिसूळ असतं की फरशीवर पडलं तर दोन तुकडे होतात. म्हणून त्याच दिवशी ते ओव्हनमध्ये २०० ते २२० अंशांवर दोन-दोन तास, दोन वेळा ठेवतो. ठिसूळपणा जातो, कडकपणा ५८ ते ६० रॉकवेलच्या (पोलादाचा कडकपणा मोजायचं माप) आसपास राहतो. कोयत्याला याहून जास्त तापमान देतो. त्याची धार थोडी नरम राहते, पण बांधावरच्या दगडाला लागली तर तुकडा उडत नाही, आणि ऊसतोडकऱ्याला ती फडातच कानशीने लावून घेता येते.

तेलाबद्दल एक सांगणं आहे. काही ठिकाणी गॅरेजमधलं जळकं इंजिन ऑइल वापरतात. त्याचा धूर फुप्फुसांना फार वाईट. शेंगदाण्याचं तेलसुद्धा त्यापेक्षा चांगलं काम देतं.

सुरी गंजेल का?

कार्बन पोलादाची असेल तर ओली ठेवल्यावर गंजेल. धुतली की लगेच पुसायची, एवढा एकच नियम. काही आठवड्यांत पात्यावर करडी-निळसर झाक येते, तो गंज नाही. ती झाक पुढचा गंज थोपवते, म्हणून घासून काढू नका. लालसर ठिपका दिसला तर राखेने किंवा भांडी घासायच्या पावडरीने काढा आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवा. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात हे तेलाचं बोट आठवड्यातून एकदा तरी फिरायला हवं. ज्यांच्या घरी सुरी सिंकमध्ये पडून राहते त्यांनी स्टेनलेसच घ्यावी. आम्हीच तसं सुचवतो.

कैरी आणि केळफूल काळं पडलं. सुरीत दोष आहे का?

नाही. कैरीतल्या, केळफुलातल्या तुरट द्रव्याचा लोखंडाशी संबंध आला की काळा रंग येतो. खाण्याला त्याने अपाय नाही, पण लोणच्याच्या फोडी काळ्या दिसल्या तर कुणालाच आवडणार नाहीत. या कामाला स्टेनलेसची सुरी किंवा विळी वापरा.

आमच्याकडे विळीच चालते. सुरी का घ्यावी?

विळी चांगली चालत असेल तर सुरी घ्यायची काहीच गरज नाही. पालेभाजी, नारळ खवणं, मासे साफ करणं, ही कामं विळीवर (मालवणी मुलखात आडाळ्यावर) बसणाऱ्या हाताला जितकी झपाट्याने जमतात तितकी सुरीने जमत नाहीत. सुरी लागते ती ओट्यापाशी उभं राहून काम करणाऱ्यांना, गुडघे दुखणाऱ्यांना आणि ज्यांनी विळी कधी धरलीच नाही अशा पिढीला. जुन्या विळीचं पातं आणून दिलंत तर धार लावून देतो.

धार कशी लावावी? दारावर धारवाला येतो त्याला देऊ का?

सायकलच्या चाकावरच्या सुक्या दगडाने धार पटकन येते, पण धारेजवळ पातं फार तापतं. ठिणग्या उडत असताना धार निळी झाली तर समजा, तिथलं तापमान ३०० अंशांच्या आसपास गेलं आणि पाणी उतरलं. तेवढा भाग घासून काढल्याशिवाय धार पुन्हा टिकत नाही. धारवाल्याला द्यायचीच असेल तर पातं सारखं पाण्यात बुडवत धार लावायला सांगा. बहुतेक जण ऐकतात.

घरी लावायची तर हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा दगड मिळतो, एक बाजू जाड आणि एक बारीक. दगड पाण्याने ओला करा. पातं दगडावर साधारण १५ ते २० अंशांत तिरकं धरा, म्हणजे मागच्या कण्याखाली बोटाचं टोक जेमतेम शिरेल इतकं. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला अंगठ्याला बारीक कंगोरा लागेपर्यंत. मग बाजू बदला. शेवटी बारीक बाजूवर दोन्हीकडून हलके हात. टोमॅटोची साल दाब न देता कापली गेली की झालं. दोन धारांच्या मधल्या काळात चिनी मातीच्या बरणीच्या बुडाशी असलेल्या खरखरीत कडेवर चार हात मारले तरी काम भागतं.

सुरीचा टवका उडाला. बदलून मिळेल का?

भाजी, फळं, बिनहाडाचं मांस चिरताना उडाला असेल तर दुकानात द्या, नवीन मिळेल. तो आमच्या पाणी देण्यातला दोष असतो. हाड तोडताना, नारळ फोडताना, डब्याचं झाकण उघडताना उडाला असेल तर बदली नाही, पण आम्ही घासून नवी धार काढून देतो. पातळ धार सरळ चिरण्यासाठी असते. हाडासाठी सत्तूर घ्या, त्याची धार मुद्दाम जाड ठेवलेली असते.

मूठ कोणत्या लाकडाची?

बाभूळ. चिवट, स्वस्त, हाताला चांगलं. जवसाच्या तेलात मुरवून लावतो. शिसवाची मागणी होते, पण पाचशेच्या सुरीत ते बसत नाही.

गावातल्या लोहाराकडून किंवा रस्त्याकडेच्या घिसाड्यांकडून घ्यावी की तुमच्याकडून?

त्यांच्याकडून जरूर घ्या. घिसाडी कुटुंबं रस्त्याच्या कडेला पाल ठोकतात. नवरा सांडशी धरून बसतो, बायको घण मारते आणि डोळ्यांसमोर तुमच्या हाताच्या मापाचा विळा तयार होतो. ते कसब कुठल्याही कार्यशाळेपेक्षा कमी नाही, आणि त्याला मिळणारा भाव फारच कमी आहे. तिथे घासाघीस करू नका. आम्ही दुकानातून विकतो त्याचं कारण एवढंच की शहरातल्या माणसाला लोहार सापडत नाही, भांड्यांचं दुकान सापडतं.

मी दुकानदार आहे. माल कोणत्या अटींवर मिळेल?

पहिला डझन जाकड देतो. विकला गेला तेवढ्याचे पैसे, उरलेला परत. दुसऱ्या खेपेपासून रोख घेतलात तर छापील किमतीवर ३० टक्के, उधारीवर २५ टक्के. उधारी ४५ दिवसांच्या आत. ही मुदत आम्ही मनाने ठरवलेली नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे जाता येत नाही, आणि करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच आहे. छोट्या कारागिरांनी हे माहीत करून घ्यावं आणि उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवावी. हाताने बनवणाऱ्यांचे धंदे बंद पडतात ते माल खपत नाही म्हणून कमी, उधारी अडकते म्हणून जास्त.

थेट तुमच्याकडे आलो तर स्वस्त मिळेल का?

नाही. कार्यशाळेत, प्रदर्शनात आणि दुकानात एकच किंमत. दुकानदार जागा देतो, माल सांभाळतो, तक्रार ऐकून घेतो. त्याच्या पाठीमागे आम्ही शंभर रुपये कमी करून विकलं तर तो पुढची खेप घेणार नाही, आणि घेऊही नये.

दुकानात सुऱ्या कशा मांडाव्यात?

काउंटरच्या आत, गिऱ्हाइकाला दिसेल पण लहान मुलाच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर. एक नमुना उघडा ठेवा आणि गिऱ्हाइकाला त्याने कागद कापू द्या. आमच्या अनुभवात याइतकं दुसरं काही विकत नाही. चमकदार स्टीलच्या सुऱ्यांशेजारी आमच्या सुऱ्या लावू नका, तिथे त्या फिक्या दिसतात. पोळपाट, खलबत्ता, लोखंडी तवा यांच्याजवळ लावा. तिथे येणारं गिऱ्हाईक आधीच तशा वस्तूच्या शोधात असतं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा पात्यांना तेलाचं फडकं फिरवा.

खपाचे दिवसही लक्षात ठेवा. ऊसतोड सुरू होण्याआधी कोयता, बकरी ईदच्या आधी सत्तूर आणि सुरे, दसऱ्याच्या आसपास सगळंच. खंडेनवमीला आमची भट्टी बंद असते, हत्यारांची पूजा असते. त्या आठवड्याची मागणी आधी कळवा.

सुऱ्या बनवायला किंवा विकायला शस्त्र परवाना लागतो का?

घरगुती आणि शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तूंना नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात केवळ घरगुती किंवा शेतीकामासाठी असलेल्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख येतो. तिथेही घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठीची पाती वेगळी काढली आहेत. म्हणूनच सत्तूर रुंद असूनही चालतो.

वस्तू कशासाठी घडवली आहे हे तिच्या रूपातून कळलं पाहिजे. दुधारी खंजीर, बटणाने उघडणारे चाकू, तलवारी आम्ही बनवत नाही, कुणी कितीही पैसे दिले तरी नाही. विकत घेतलेली सुरी घरी नेताना म्यानात, पावतीसह, पिशवीत ठेवा. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असतो तेव्हा सुरी जवळ बाळगून फिरण्यावर बंदी येऊ शकते.

पाकिटावर काय छापावं लागतं? जीएसटीचं काय?

बंद पाकिटातून विकत असाल तर २०११ च्या वेष्टित वस्तू नियमांप्रमाणे उत्पादकाचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, नग, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. वैधमापन विभागाकडे नोंदणीही करावी लागते. दुकानावर तपासणी झाली की अडचणीत दुकानदार येतो, त्यामुळे यात ढिलाई नको.

राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत असेतो जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी केली की सुरी जीएसटीच्या मालवर्गवारीत ८२११ या क्रमांकाखाली येते आणि तिच्यावर कर आहे. कोयता, विळा, खुरपं ही शेतीची अवजारं ८२०१ खाली येतात आणि करमुक्त आहेत. बिलं करताना दोन्हींची सरमिसळ करू नका.

मला हे काम सुरू करायचं आहे. कुठून सुरुवात करू?

महागड्या मशीनपासून करू नका. छोटी भट्टी, ऐरण म्हणून रुळाचा तुकडा, चांगल्या कानशी, एक ड्रिल आणि बेल्ट ग्राइंडर एवढ्यावर सुरुवात होते. आधी एकाच आकाराची सुरी घ्या आणि तीच बनवत राहा. शेजाऱ्यांना वापरायला द्या, महिन्याने परत मागवून धार बघा. दुकानात जायचं ते त्यानंतर. ग्राइंडरवर मास्क आणि चष्मा पहिल्या दिवसापासून लावा. पोलादाची आणि एमरीची धूळ छातीत साठते.

पिढीजात हे काम करणाऱ्यांसाठी १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिच्या १८ व्यवसायांत लोहार आहेत, तसेच हातोडा आणि अवजारं बनवणारेही. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. अर्ज गावातल्या सेवा केंद्रातून भरता येतो.

परगावी सुरी पाठवता का? विमानातून नेता येते का?

आमचा माल ठेवणाऱ्या दुकानात पाठवतो, घरपोच नाही. विमानात हातातल्या सामानात सुरी चालत नाही. म्यानात घालून, वर जाड कागद गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवा आणि ती बॅग चेक-इन करा. परदेशी नेणाऱ्यांनी त्या देशाचे नियम आधी बघावेत. मुलीकडे अमेरिकेत, दुबईत नेण्यासाठी घेणारे पुष्कळ जण येतात. त्यांना आम्ही शक्यतो स्टेनलेसची सुरी आणि सोबत छोटा धारेचा दगड घ्यायला सांगतो.